इम्प्लांटपूर्व तपासणी : एका दंतचिकित्सालयाचा अनुभव
दाताचे इम्प्लांट (जबड्याच्या हाडात रोवलेला, कृत्रिम दाताला आधार देणारा स्क्रू) बसवण्यासाठी रुग्ण योग्य आहे की नाही, हे ठरवण्याची या दवाखान्याची पद्धत मला पटली. खालच्या दाढेच्या रिकाम्या जागेसाठी साध्या एक्स-रेवर न थांबता त्यांनी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारा एक्स-रे स्कॅन) करवून घेतला, कारण साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसली तरी रुंदी कळत नाही, आणि जबड्यातील नसेपासून साधारण 2 मिलिमीटरचे सुरक्षित अंतर राहील का, हेही स्कॅनवरूनच नेमके मोजता येते. रक्तातील साखर, हिरड्या आणि धूम्रपान यांची चौकशी झाली. हाडांच्या ठिसूळपणावरील बिस्फॉस्फोनेट औषधांबद्दल मात्र डॉक्टरांनी खोदून विचारले. ती घेणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेनंतर जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो, आणि ‘दातांशी त्याचा काय संबंध’ असे वाटून रुग्णांकडून ती सांगायची राहून जाऊ शकतात. हिरड्यांची सूज आधी बरी करा, निर्णय त्यानंतर घेऊ, असे सांगून त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली नाही, हे मला विशेष आवडले. पर्यायांबाबत मात्र दवाखाना कमी पडला : ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने पक्का बसवलेला कृत्रिम दात) किंवा काढता-घालता येणारी कवळी यांविषयीची माहिती मी विचारल्यावरच मिळाली, तीही घाईघाईत.