सोनी ए सेव्हन फोर: दीड वर्ष आणि बडोद्याच्या दोन नवरात्री

परवा चुलतभावाचा फोन आला, ताई, सोनीचा सेकंडहँड ए सेव्हन फोर कॅमेरा मिळतोय, घेऊ का? मी हो की नाही एवढंच सांगायला गेले आणि पाऊण तास बोलत बसले. मग वाटलं की हे एकदा लिहूनच काढावं, कारण मला घेताना असं कोणी समजावलं असतं तर माझी पहिली नवरात्र वाया गेली नसती.

माझा कॅमेरा २०२३ च्या ऑगस्टमधला. मॉडेल आलं २०२१ च्या ऑक्टोबरात, म्हणजे मी घेतला तेव्हाच त्याला दोन वर्षं होत आलेली, पण मला ३३ मेगापिक्सेलचे फोटो आणि टेन-बिट (रंगांच्या जास्त छटा धरणारा) व्हिडिओ दोन्ही एकाच बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यात, हवे होते आणि दोन बॉड्या घ्यायची ऐपत नव्हती. त्याआधी सात-आठ वर्षं क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा साधा डीएसएलआर वापरला. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी मुंजी, साखरपुडे, बारशी करते, आणि उरलेल्या वेळात बडोद्यात जे दिसेल ते. लेन्स म्हणाल तर टॅमरॉनची २८-७५ मिमी (हा आकडा लहान तितकं दृश्य रुंद) एफ २.८ (दुसरी आवृत्ती), सोनीची ८५ एफ १.८, आणि नंतर घेतलेली टॅमरॉनचीच १७-२८. ती नंतर का घ्यावी लागली ते खाली येतंच.

तर गरबा. बडोद्यात कॅमेरा घ्यायचा म्हणजे गरब्यासाठीच घ्यायचा, निदान आमच्या घरी तरी असंच समजतात. मधोमध गाणारे, भोवती एकात एक फिरणारी रिंगणं, हजारो माणसं एका टाळीवर वाकतायत, हे ज्याने मैदानात उभं राहून पाहिलंय त्याला ते स्लो मोशनमध्ये पकडायची ओढ लागतेच. मी पहिल्या नवरात्रीआधी महिनाभर परदेशी लोकांचे ट्यूटोरियल बघून सगळं सेटिंग जसंच्या तसं लावलेलं, एनटीएससी (अमेरिकेकडची व्हिडिओ पद्धत), सेकंदाला ६० फ्रेम्स, शटर १/१२५ सेकंद. त्या वर्षी माझी भाची पहिल्यांदाच चणियाचोळी घालून मोठ्या रिंगणात शिरलेली. रात्री दोनला घरी येऊन लॅपटॉपवर क्लिप लावली तर तिच्या चेहऱ्यावरून काळपट आडवे पट्टे सरकत चाललेले, वरून खाली, परत वरून खाली. एक क्लिप नाही, सगळ्याच तशा. मी अक्षरशः रडले हो.

कारण एकदम साधं आहे आणि ते कॅमेऱ्यात नाहीये. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यावर चालणारे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण सेन्सर ओळीओळीने वाचतो म्हणून त्याला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की प्रत्येक ओळीला सारखाच उजेड मिळतो आणि पट्टे जातात. म्हणजे भारतात मेनूत जाऊन पाल (५० हर्ट्झला जुळणारी व्हिडिओ पद्धत) निवडायचं, २५ फ्रेम्सला १/५० आणि ५० फ्रेम्सला १/१००, एवढंच! स्टेजवरचे मोठे एलईडी पडदे मात्र याला दाद देत नाहीत, त्यांचा वेग त्यांचा स्वतःचा असतो, तिथे अँटी-फ्लिकरच्या मेनूत जाऊन शटर बारीक बारीक सरकवत बघावं लागतं. तरीही कधी कधी पडदा फ्रेमच्या बाहेर ठेवणं हाच उपाय उरतो.

दुसरी गोष्ट क्रॉपची, आणि ही घेण्याआधी नीट समजून घ्याच. हा कॅमेरा फोर-के व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेम्सने काढताना पूर्ण सेन्सर वापरतो, सेव्हन-के एवढ्या माहितीतून फोर-के बनवतो, त्यामुळे चित्र इतकं रेखीव येतं की चणियाचोळीवरचा एकेक आरसा वेगळा दिसतो. पण फोर-के ५० वर गेलात की सेन्सरचा मधला भागच वापरतो, दीडपट क्रॉप. माझी २८-७५ तिथे ४२-११२ सारखी वागायला लागली आणि ज्या रिंगणासाठी एवढा खटाटोप केला ते फ्रेममध्ये मावेचना, मागे सरकायला जागा नाही कारण मागे पण माणसंच. शिवाय सेन्सरचा तुकडा लहान म्हणजे उजेडही कमी गोळा होतो, जवळजवळ एक स्टॉपचं नुकसान, म्हणजे उजेड साधारण निम्मा, ते रात्रीच्या मैदानात दिसतं. कागदावर दीडपट क्रॉप हे वाचलेलं होतं मी, पण वाचणं वेगळं आणि गर्दीत कोपर छातीशी घेऊन उभं राहून ते भोगणं वेगळं.

२०२४ च्या नवरात्रीत मग पद्धतच बदलली. १७-२८ घेतली, ४२० ग्रॅमची हलकी लेन्स, क्रॉपमध्ये साधारण २५-४२ मिळते. आणि ठरवलं की पूर्ण रिंगण २५ फ्रेम्सवर, संथच बरं दिसतं ते, उगाच स्लो मोशन नको. ५० फ्रेम्स फक्त जवळच्या गोष्टींना, पायातले पैंजण, वाकताना पुढे येणारी वेणी, टाळी वाजायच्या आधीचे दोन तळवे. पिक्चर प्रोफाइल (रंगांचं तयार सेटिंग) एस-सिनेटोन. एस-लॉग थ्रीचा (फिकं चित्र काढून नंतर रंगवायचं सेटिंग) सगळे आग्रह करतात पण तिथे मूळ आयएसओच (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० आणि रात्री एक्सपोजर जरा कमी पडलं की सावल्यांत दाणे उठतात, मला घरी येऊन दहा दिवसांचा ढीग रंगवत बसायला वेळ नसतो. ऑटोफोकसबद्दल काय बोलू, फिरत्या रिंगणात भाचीच्या डोळ्यावर फोकसचा चौकोन बसला की मध्ये तीन बायका येऊन गेल्या तरी तो परत तिच्यावरच. त्या वर्षीच्या क्लिपा घरात सगळ्यांनी मिळून बघितल्या. गुजरातच्या गरब्याला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली ती २०२३ च्या डिसेंबरात, म्हणजे नेमक्या माझ्या वाया गेलेल्या वर्षी, त्याची रुखरुख अजून आहे.

फोटोंकडे येते. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पाहिलाय का? बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा वाडा, आत भिंतीभर एकोणिसाव्या शतकातली चित्रं, महाभारत, कृष्णलीला, आणि खोल्यांत उजेड जेमतेम. असल्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते आणि जुन्या रंगांवर फ्लॅश मारायचा माझा जीव होत नाही. तिथे बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) कामाला आलं, भिंतीला खांदा टेकवून, श्वास धरून १/८ सेकंदाला हातात काढलेले फोटो, आयएसओ १६०० च्या आसपास. घरी झूम करून पाहिलं तर एका गोपीच्या नथीतला मोतीसुद्धा वेगळा, आणि रंगाला गेलेली केसाएवढी चीर पण वेगळी. जुन्या कॅमेऱ्यात ही खोली म्हणजे नुसता तपकिरी चिखल यायचा.

पक्ष्यांसाठी मित्राची १५०-५०० लांब लेन्स उसनी घेऊन हिवाळ्यात वढवाणाला जातो आम्ही, डभोईच्या बाजूला. सयाजीरावांच्या काळात १९१० साली शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव, २०२१ मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) गेला. पहाटे राजहंसांचे थवे उठतात तेव्हा पक्ष्याच्या डोळ्याचा ऑटोफोकस खरंच चालतो. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. सेकंदाला १० फोटो हवे असतील तर रॉ फाइल (सेन्सरचा कच्चा डेटा) कॉम्प्रेस्ड ठेवावी लागते, लॉसलेस (काही न गमावता दाबलेली) ठेवली की वेग सहाच्या आसपास येतो. आणि आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावाल तर हा सेन्सर सावकाश वाचतो, पंख खालून वर जाईपर्यंत त्याचा आकारच तिरपा होऊन बसतो, उडत्या पक्ष्याला मेकॅनिकल शटरच बरं. उत्तरायणाला (संक्रांतीच्या पतंगांना) अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, पण तोच नियम, ‘काप्यो छे’ (कापला रे) ओरडत फिरकी धरून पळणारा पोरगा असेल तर मेकॅनिकल. पतंगावर ऑटोफोकसचा मात्र फार भरवसा ठेवू नका, निळ्या आभाळात एवढासा कागद, त्याला धरायला काही लागत नाही, मी सरळ मॅन्युअल करते. विश्वामित्रीतल्या मगरी थंडीत काठावर ऊन खात पडतात, पुलावरून छान दिसतात, त्यांचे डोळे कॅमेऱ्याला माझ्याकडे तरी ओळखू येत नाहीत. लहान चौकोन नाकपुडीवर ठेवून ट्रॅकिंग लावायचं, मगर तशीही अर्धा तास हलत नाही.

विश्वामित्रीवरून आठवलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यात पाणी होतं, कॅमेऱ्याची बॅग पहिल्याच तासात माळ्यावर टाकली, आजीच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी. कॅमेऱ्याला काही झालं नाही पण नंतरचा महिनाभर घरात जो दमटपणा राहिला त्याने माझ्या जुन्या किट (कॅमेऱ्यासोबत आलेल्या) लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली. तेव्हापासून सगळं हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि पाच-सहाशे रुपयांचा आर्द्रता मीटर आत ठेवून. दर पंधरा दिवसांनी काढून वापरणं हे त्याहून चांगलं. लेन्स बदलताना धुळीचं टेन्शन असेल तर मेनूत एक सोय आहे, कॅमेरा बंद केला की शटर सेन्सरवर झाकण धरून बसतं, ते चालू करून ठेवा, गरब्याच्या मैदानातल्या धुळीत मला त्याचा फार उपयोग झाला.

बॅटरी ओरिजिनल घ्या. एनपी-एफझेड१०० एकावर मुंजीची सकाळ निघते. मी पैसे वाचवायला बाहेरच्या बनावटीच्या दोन घेतल्या, नाव नाही घेत, आणि एका मुंजीत मातृभोजन चालू असताना ४० टक्क्यांवरून सरळ शून्य. आई मुलाला शेवटचा घास भरवतेय आणि माझी स्क्रीन काळी. तो घास परत भरवायला लावता येत नाही कुणाला. हल्ली खिशात पॉवर बँक असते, टाइप-सी पीडीवाली (जास्त वॉट देणारी), शूट चालू असतानाही कॅमेरा तिच्यावर चालतो.

कार्डाचं जास्त मनावर घेऊ नका. एका खोबणीत सीएफएक्सप्रेस टाइप ए हे महागडं, वेगवान कार्ड बसतं, पण माझं आजवर काही अडलं नाही, दोन्हीकडे व्ही६० (हा वेगाचा दर्जा) एसडी आणि दोन्हीवर एकाच वेळी रेकॉर्डिंग. जागेचा हिशोब मात्र करा, फोर-के ५० टेन-बिट २०० एमबीपीएसने (सेकंदाला मेगाबिट) म्हणजे तासाला ९० जीबी, नवरात्रीच्या नऊ रात्रींत माझी दोन टीबीची डिस्क निम्मी भरली. लॅपटॉप जुना असेल तर एच २६५ फोर-टू-टू (जास्त दाबलेली, रंगांची माहिती जास्त असलेली) फाइल अडखळत चालते, इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचे प्रोसेसर ती नीट उघडतात, नाहीतर कॅमेऱ्यातच प्रॉक्सी (हलकी छोटी नक्कल) रेकॉर्डिंग चालू करून त्यावर एडिट करायचं. उन्हाळ्यात दुपारचं शूट असेल तर ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर ‘हाय’ वर आणि स्क्रीन बॉडीपासून उघडून बाहेर, मी मे महिन्यातली लग्नं अशीच काढते. स्क्रीन स्वतः या किमतीला फिकी आहे, उन्हात फोकस बसला की नाही ते कळायला व्ह्यूफाइंडरलाच डोळा लावावा लागतो. मेनू लांबलचक, पण माय मेनूचं एक पान करून घेतलं की तिकडे जावंच लागत नाही.

शेवटचं, आणि मला सगळ्यात मोलाचं. आजी ८८ ची आहे. लग्न होऊन बडोद्यात आली त्या दिवसापासूनच्या गोष्टी सांगते, सुरसागरच्या काठाने टांग्यातून आलेली वगैरे, आम्ही वर्षानुवर्षं म्हणत होतो की रेकॉर्ड करूया. गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी खिडकीशी खुर्ची मांडली, ८५ लावली, पदराला कॉलर माइक, २५ फ्रेम्स, आणि दीड तास नुसतं बोलू दिलं. या कॅमेऱ्यात तीस मिनिटांवर रेकॉर्डिंग तुटत नाही, दर अर्ध्या तासाला ‘थांब आजी’ म्हणावं लागलं असतं तर ती परत त्या धाग्याला लागली नसती. जाड चष्म्याच्या काचेवर खिडकी चमकत होती तरी फोकस काचेमागच्या डोळ्यावर. एकदाच सुटला, ती सुपारीचा डबा शोधायला खाली वाकली तेव्हा चौकोन सरळ मागच्या भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोवर जाऊन बसला, दोन सेकंद आजोबा स्वच्छ आणि आजीचे पांढरे केस धूसर, मग ती वर आली आणि हळूच परत तिच्यावर. ऑटोफोकसचा ट्रान्झिशन स्पीड (फोकस सरकायचा वेग) मी कमी ठेवलेला म्हणून ते इतकं सावकाश झालं. हे सुधारायचं असेल तर सब्जेक्ट शिफ्ट सेन्सिटिव्हिटी (फोकस किती पटकन दुसऱ्या गोष्टीवर जातो ते) एकवर ठेवावी, मी मुलाखतींना आता तशीच ठेवते. ती दोन सेकंदं मात्र कापली नाहीत.

मोठा एचडीएमआय असल्यामुळे घरातलीच केबल लावून संध्याकाळी टीव्हीवर दाखवलं. आजी दीड तास हललीच नाही, आणि संपल्यावर म्हणाली, ते मधे तुझ्या आजोबांचं आलं ना, तेवढं परत लाव.