काम बदलायचं की क्षेत्र?

दोन्ही एकदम बदलायची हौस आधी आवरा. त्यात पगार आणि ओळखी दोन्हींवर पाणी सोडावं लागू शकतं.

समजा, रुग्णालयातला हिशेबनीस आहे. तो सॉफ्टवेअर कंपनीत हिशेबच बघायला गेला, तर ताळेबंद तोच, धंदा तेवढा नवा. पगार बहुधा टिकतो. पण कंटाळा आकड्यांचाच आला असेल, तर तो तिथेही पाठ सोडणार नाही.

रुग्णालयातच खरेदी विभागात गेला, तर काम नव्याने शिकायचं. पण पुरवठादार कोण, बिल कुठे अडतं, हे आधीच ठाऊक. शिवाय आतल्या माणसाला सांभाळून घेतात. बाहेर ‘अनुभव नाही’ म्हटलं की विषय संपला.

त्रास फक्त साहेबांचा असेल (बऱ्याचदा तोच असतो!), तर दोन्ही राहू द्या, तेच काम दुसऱ्या रुग्णालयात शोधा.