जुन्या बोअरचे जलभंजन : प्रतापनगरमध्ये घेतलेल्या एका सेवेविषयी

आमच्या प्रतापनगरच्या घरातील 220 फूट खोल बोअर एप्रिलमध्ये दहाच मिनिटांत हवा ओढू लागली, तेव्हा नवी बोअर मारण्याऐवजी जुनीचेच जलभंजन (जोरदार दाबाने पाणी रेटून खडकातील भेगा उघडणे) करून घेण्याचे आम्ही ठरवले. पश्चिम नागपूरच्या पोटात बेसाल्टचा काळा पाषाण आहे. त्यात पाणी मुख्यतः सांध्यांतून आणि भेगांतून वाहते, त्यामुळे भेगा बुजल्या किंवा एकमेकींना जोडलेल्या नसल्या, की शेजाऱ्याकडे पाणी असते आणि आपल्याकडे नसते.

काम करणाऱ्या मंडळींचा हात सराईत होता. मोटार व पाइप वर काढून त्यांनी केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातील अस्तर-पाइपच्या, बऱ्याच खाली, 110 फुटांवर, अखंड दगडात रबरी पॅकर (बोअर घट्ट बंद करणारे बूच) फुगवून बसवला. तो मुरमात बसवला असता, तर दाबाचे पाणी खडकात न शिरता वरच आले असते. पंप सुरू झाल्यावर दाबमापकाचा काटा दर चौरस सेंटिमीटरला 80 किलोपर्यंत चढला, क्षणभर थरथरला आणि झपकन 35वर उतरला. भेग उघडल्याची खूण हीच. पॅकर 150 फुटांवर बसवल्यावर मात्र काटा 20च्या वर गेलाच नाही, म्हणजे तिथली वाट आधीपासून मोकळी होती.

तक्रारी दोन आहेत. पहिला टँकर गढूळ पाण्याचा आला. असे पाणी रेटले तर उघडलेल्या भेगा गाळाने पुन्हा बुजतील, हे आम्हालाच सांगावे लागले आणि त्यात अर्धा दिवस गेला. दुसरी अधिक गंभीर. जास्तीचे सहा हजार दिल्यास पाण्यात रेती मिसळून ‘भेगा कायमच्या उघड्या ठेवू’, असे व्यवस्थापकांनी सुचवले. तेल व वायूच्या विहिरींत हे खरेच करतात, कारण हजारो फुटांवरील खडकाचे ओझे भेग मिटवून टाकते आणि रेतीचे किंवा चिनी मातीसारखे भाजलेले दाणे तिला टेकू देतात. परंतु साध्या पाण्यात रेती तळाशी बसते. ती वाहून नेण्यासाठी तिथे पाणी अनेकदा गवार गमने घट्ट करतात (आणि हा गम मोठ्या प्रमाणात आपल्या राजस्थानातून जातो). दीडशे फुटांवरील कठीण पाषाणात भेगेच्या दोन्ही बाजू किंचित सरकून खडबडीत उंचवट्यांवर एकमेकींना टेकतात, म्हणून रेतीची गरज सहसा पडत नाही. आम्ही नकार दिला.

दोन दिवस पाणी राखाडी आले, मग निवळले. वीस लिटरची बादली पूर्वी 55 सेकंदांत भरत असे, ती आता 22 सेकंदांत भरते, आणि मे महिन्यातही मोटार सलग चाळीस मिनिटे चालली. बिलावर मात्र ‘बोअर सर्व्हिसिंग’ एवढेच लिहिलेले आहे. पॅकरची खोली आणि दाबाचे आकडे मीच मोटारीच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवले आहेत.