मंगळवार पेठेतलं मटणाचं दुकान आणि माझे अकरा किलो

गेल्या जूनमध्ये माझं वजन ८४ किलो होतं, उंची पाच फूट दोन इंच, आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (HbA1c) आकडा ७.४. डॉक्टरांशी बोलून मी भात, भाकरी, चपाती, बटाटा आणि साखर बंद केली. ताटात राहिलं मटण, कोंबडी, अंडी, मासे आणि पालेभाजी. आज वजन ७३ आहे. त्यात मंगळवार पेठेतल्या या दुकानाचा मोठा वाटा आहे, म्हणून हे लिहितेय.

कोल्हापुरात मटणाला तोटा नाही. पण आमच्याकडे मटण म्हणजे रविवारी तांबडा-पांढरा आणि सोबत चार भाकरी. रस्साच भाकरीसाठी असतो. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत पस्तीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणजे चार भाकरींचा हिशेब कुठे जातो बघा. पांढऱ्या रश्शात काजू आणि नारळाचं दूध, तोही वाटीभरच बरा. सुरुवातीला नुसतं सुकं मटण खाऊन मला चौथ्या दिवशीच कंटाळा आला होता.

तेव्हा दुकानातल्या भाऊंनी विचारलं, "वहिनी, रोज अर्धा किलो नेताय, पाहुणे आलेत का?" मी खरं ते सांगितलं. त्या दिवसापासून ते मला तुकडे निवडून देतात. सुक्याला फरा, म्हणजे खांद्याचा भाग, कारण तो लवकर शिजतो. तव्यावर परतायला चाप, म्हणजे बरगडीचे तुकडे. अळणीसाठी, म्हणजे तिखट-मसाला न घालता उकळलेल्या मटणाच्या पाण्यासाठी, नळ्या आणि मानेचा भाग. आठवड्यातून एकदा पावशेर कलेजी. खिमा मागितला की तो डोळ्यांसमोर करून देतात, आधीचा ठेवलेला काढत नाहीत. आलं-लसूण, हळद आणि मीठ घातलेलं अळणी पाणी रोज संध्याकाळी एक वाटी प्यायला लागले, तेव्हा पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी आणि पायात येणारे गोळे थांबले. पिठूळ खाणं सुटलं की शरीरातलं पाणी आणि मीठ भराभर जातं, हे मला डॉक्टरांनी नंतर समजावलं. पहिल्या आठ दिवसांत उतरलेले अडीच किलो बहुतेक पाण्याचेच होते, त्यामुळे तुमचंही तसं उतरलं तर हुरळून जाऊ नका. पुढे महिन्याला किलो-सव्वा किलो, तेही सरळ रेषेत नाही.

श्रावणात आमच्या घरी मांसाहार नसतो. सासूबाईंच्या सोमवारांसोबत मीही साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि महिन्यात दीड किलो परत आलं. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या वर्षी पनीर, शेंगदाणे आणि ताक यांवर निभावायचं ठरवलंय.

सहा महिन्यांनी तपासणी केली. साखर ६.१ वर आली, गोळीचा डोस निम्मा झाला. पण वाईट कोलेस्टेरॉल ११८ वरून १४६ वर गेलं होतं. डॉक्टरांनी चरबी कमी करायला सांगितली. ते भाऊंना सांगितल्यावर ते प्रत्येक तुकड्याची चरबी काढून मगच वजन करतात. आधी वजन आणि मग साफसफाई, असा अनुभव मला दुसरीकडे आला आहे; त्यात ग्राहकाचे पैसे जातात. आता दोन दिवस मटण आणि बाकी दिवस मासे, कोंबडी असं चाललंय. साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाकरी सोडू नये, हे मी कळकळीने सांगते. काही गोळ्यांवर असं केलं तर साखर एकदम खाली येते.

दुकानाबद्दल तक्रारीही आहेत. रविवारी रांगेत बायकांना उभं राहायला धड जागा नाही, पावसाळ्यात समोर चिखल होतो. सुट्टे पैसे हवेतच. दर इतरांपेक्षा कमी नाही, आणि अशा खाण्याने महिन्याचा खर्च वाढतो. आमचा जवळजवळ दुप्पट झाला. तो मी भिशीच्या पैशांतून भागवते.

तरी काटा ग्राहकाकडे तोंड करून ठेवलेला, लाकडी ठोकळा दर तासाला गरम पाण्याने धुतलेला आणि बोकडाचं म्हणून बोकडाचंच मटण. मी याच दुकानात जाणार. तुम्ही रविवारी येणार असाल तर साडेसातच्या आत या आणि घरून स्टीलचा डबा आणा. नवानंतर फरा आणि नळ्या संपलेल्या असतात.