मॅक्रोफेज कल्चरसाठी उंदीर कोणता: ब्लॅक-६ की बाल्ब/सी?

अस्थिमज्जेतून मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) वाढवण्याची कृती प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या या दोन्ही वाणांसाठी एकच: ब्लॅक-६ (सी५७बीएल/६) आणि बाल्ब/सी. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांतली मज्जा माध्यमाने धुऊन काढा, ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा आणि १० सेंमी डिशमध्ये १० मिली माध्यमात ५० लाख पेशी पेरा. माध्यमात १० टक्के सीरम आणि दर मिलीला २० नॅनोग्रॅम एम-सीएसएफ (मज्जेतल्या पेशींना मॅक्रोफेज बनवणारे वाढ-प्रथिन) हवे. तिसऱ्या दिवशी ५ मिली ताजे माध्यम घाला. सातव्या दिवशी पेशी तयार होतात. डिश जिवाणूंसाठीची साधीच घ्या. पेशी-कल्चरच्या प्लास्टिकला मॅक्रोफेज घट्ट चिकटतात, मग खरवडताना मरतात.

वाणांमधला फरक उत्तेजनानंतर उठून दिसतो. एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला घटक) आणि इंटरफेरॉन-गॅमा (प्रतिकार चेतवणारे प्रथिन) दिल्यावर ब्लॅक-६चा कल आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड करण्याकडे, तर बाल्ब/सीचा त्याच आर्जिनिनपासून ऑर्निथिन करण्याकडे. हे मोजताना माध्यम बदलू नका: आरपीएमआय-१६४० या माध्यमात आर्जिनिन डीएमईएम या दुसऱ्या माध्यमाच्या जवळजवळ तिप्पट असते. एम-सीएसएफऐवजी एल९२९ पेशींचे माध्यम (या पेशी स्वतःच एम-सीएसएफ सोडतात) वापरत असाल, तर दोन्ही वाणांना एकाच दिवशी, एकाच बॅचमधून द्या. नाहीतर बॅचचा फरक जनुकांच्या नावावर खपतो. लिशमॅनिया मेजर या परजीवीला ब्लॅक-६ आवरतो, बाल्ब/सी बळी पडतो. पण त्यात टी-पेशींचा वाटा मोठा आहे, निव्वळ डिशमधल्या मॅक्रोफेजवरून तो निष्कर्ष काढू नये.

जनुक काढून टाकलेले उंदीर वापरायचे असतील तर ब्लॅक-६च घ्या, कारण असे बहुतेक उंदीर याच पार्श्वभूमीवर मिळतात. फक्त उपवाण तपासा. ब्लॅक-६चे ६जे आणि ६एन हे उपवाण १९५१ पासून वेगळे वाढले आहेत, आणि ६जेमध्ये एनएनटी या मायटोकाँड्रियात काम करणाऱ्या, ऑक्सिडेटिव्ह ताण आवरणाऱ्या एन्झाइमचे जनुक तुटलेले आहे. ऑक्सिडेटिव्ह ताण मोजणाऱ्याने ६जेच्या प्रयोगाला ६एनचे कंट्रोल लावले, तर सगळी मेहनत वाया जाते. १२९ वाणाच्या मूळपेशींतून बनवलेल्या उंदरांचा धोका आणखी मोठा. कॅस्पेज-१ (दाह पेटवणारे एन्झाइम) नसलेल्या उंदरांत १२९कडून आलेले, त्याच कुळातल्या कॅस्पेज-११चे बिघडलेले जनुकही होते, हे २०११ मध्ये उघड झाले. म्हणून कंट्रोल शक्यतो त्याच वेतातले भावंड असावे.

आर्जिनेज (आर्जिनिनपासून ऑर्निथिन करणारे एन्झाइम) किंवा टीएच-२ प्रकारच्या टी-पेशींचा प्रतिसाद हाच विषय असेल तर बाल्ब/सी सोयीचा. ब्लॅक-६मध्ये आय-ई रेणू (टी-पेशींना प्रतिजन दाखवणारा एमएचसी-२ प्रकारचा रेणू) नसतो, त्यामुळे फक्त आय-ई ओळखणारे प्रतिपिंड त्याच्या पेशींवर रंग देत नाही. दोन्ही वाण शेजारी ठेवणार असाल तर ऑर्डर देण्यापूर्वी प्रतिपिंडाचा क्लोन (म्हणजे ते नेमके काय ओळखते) पाहा.