‘डिजिटल वेलबीइंग’चा आढावा: टायमर नावापुरता, राखाडी पडदा कामाचा

सोशल मीडिया कमी करायचे ठरवले की बहुतेक जण एखादे नवे ॲप शोधू लागतात किंवा थेट फोनच बदलायचे मनावर घेतात. वास्तविक त्यासाठी लागणारी बरीचशी साधने अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ या नावाने आधीपासूनच पडून असतात. गुगलने ही सुविधा मे २०१८ मध्ये जाहीर केली आणि त्याच वर्षी अँड्रॉइड ९ सोबत ती फोनमध्ये येऊ लागली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये तिची मांडणी थोडीफार निराळी दिसते, पण गाभा एकच असतो आणि तिच्यासाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही. सोलापुरात टॉवेल आणि चादरींचा घाऊक व्यवहार सांभाळताना मी ती बराच काळ वापरली आहे. व्यवसायाचा उल्लेख मुद्दाम करते, कारण ज्याचे पोटच फोनवर अवलंबून आहे त्याला ‘फोन बाजूला ठेवा’ हा सल्ला ऐकायला बरा वाटतो, पाळता येत नाही. अशा माणसाच्या मनाला या सुविधेने किती स्वस्थता मिळते, एवढ्याच प्रश्नापुरता हा आढावा आहे.

सुविधा उघडल्यावर पहिल्याच पडद्यावर एक वर्तुळ दिसते. त्यात कोणत्या ॲपवर किती वेळ गेला याचे रंगीत तुकडे असतात आणि खाली फोन किती वेळा उघडला व किती सूचना आल्या, हे दोन आकडे असतात. लोक वेळेच्या आकड्याकडे पाहून चपापतात, पण माझ्या मते खरा बोलका आकडा फोन उघडण्याचा आहे. गिऱ्हाईक टॉवेलचा पोत हाताने चाचपत असते, तेवढ्या अर्ध्या मिनिटात आपण फोन उघडतो, काहीही न वाचता बंद करतो आणि ते आपल्या ध्यानातही राहत नाही. एकूण वेळेत या अर्ध्या मिनिटाला काहीच वजन नसते, दिवसभराची अस्वस्थता मात्र अशाच तुकड्यांतून साठत जाते. आकडे नुसते नजरेसमोर असण्याचाही उपयोग होत असावा, असे मानायला आधार आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात १४३ विद्यार्थी होते. त्यांपैकी एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट यांचा वापर ३ आठवडे दररोज प्रत्येकी १० मिनिटांवर आणला आणि त्या गटातील एकटेपणा व नैराश्याची लक्षणे कमी झाली. मला अधिक लक्षणीय वाटते ती त्याच अभ्यासातील दुसरी नोंद: ज्यांच्यावर कोणतीही मर्यादा नव्हती, पण ज्यांच्या वापराची नोंद ठेवली जात होती, त्यांचीही चिंता आणि ‘आपल्याकडून काही निसटते आहे’ ही धास्ती काहीशी ओसरली. म्हणून ही सुविधा सुरू करणाऱ्याने पहिले काही दिवस कोणतेही बंधन न घालता रोज रात्री केवळ ते वर्तुळ पाहावे, असे मी सुचवीन.

आता टायमर. प्रत्येक ॲपला दिवसाची मर्यादा ठरवून देता येते. वेळ संपत आली की सूचना येते, संपली की ॲप थांबते, त्याचे चिन्ह फिके पडते आणि मध्यरात्री हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. कागदावर ही योजना चोख आहे. व्यवहारात ती नावापुरती राहते. मर्यादा घालणारा आणि ती उठवणारा माणूस एकच असल्यामुळे सेटिंगमध्ये जाऊन टायमर वाढवायला काही क्षण पुरतात, आणि रात्री अकराच्या सुमारास, मन थकलेले असताना, ते क्षण कोणीही काढते. शिवाय इन्स्टाग्रामच्या ॲपवर घातलेले बंधन ब्राउझरमधून उघडलेल्या इन्स्टाग्रामला आपोआप लागू होत नाही. यूट्यूबचा टायमर शॉर्ट्स आणि मुलांच्या गणिताचा धडा यांत फरक करत नाही, त्यामुळे दुपारी शॉर्ट्स पाहिले तर संध्याकाळी अभ्यासाच्या व्हिडिओला कुलूप लागते.

व्हॉट्सॲपच्या बाबतीत तर टायमरचा विचारच सोडून द्यावा. आमच्याकडे मालाचे फोटो, दर, बिल, बिल्टी, यंत्रमागावरचा माल कधी उतरणार याचा निरोप, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, हे सगळे व्हॉट्सॲपवर येते. त्याच ॲपच्या दुसऱ्या कप्प्यात नातेवाइकांचे, वर्गमैत्रिणींचे आणि पुण्याला गेलेल्या पोरांचे स्टेटस रांगेने उभे असतात. डिजिटल वेलबीइंगच्या लेखी हैदराबादच्या व्यापाऱ्याशी केलेली २० मिनिटांची घासाघीस आणि इतरांच्या सहलींचे फोटो पाहत घालवलेली २० मिनिटे यांची किंमत सारखीच. पहिल्या २० मिनिटांनंतर माणूस दमतो, दुसऱ्या २० मिनिटांनंतर त्याचे मन खट्टू होते. या दोन अवस्थांत केवढे अंतर आहे, हे मिनिटे मोजणाऱ्या यंत्राला कळण्याचे कारण नाही. माझ्या मते या सुविधेची मूळ उणीव हीच आहे, आणि तिच्यातील जे भाग मिनिटे मोजण्याऐवजी फोनची ओढ कमी करतात, तेच खरोखर उपयोगी पडतात.

स्टेटसचा उपाय मात्र या सुविधेत नसून व्हॉट्सॲपमध्येच आहे, तरीही तो येथे सांगणे भाग आहे. ज्या व्यक्तीचे स्टेटस पाहून आपल्या जिवाला हुरहुर लागते तिचे स्टेटस म्यूट करता येते आणि ते तिला कळत नाही. गट कायमचे म्यूट करता येतात. संग्रहात (‘आर्काइव्ह’मध्ये) टाकलेल्या चॅट नवा निरोप आला तरी तिथेच राहतील, अशीही सोय आहे. आमच्याकडे संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रा भरते तेव्हा तर स्टेटसला पूर येतो. नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचा गड्डा म्हणजे जत्रा, शोभेचे दारूकाम, सगळे प्रत्येकाच्या खिडकीतून पुन्हा पुन्हा दिसते, आणि दुकान सोडून निघता न आलेल्या माणसाला आपण आपल्याच गावात परके झालो की काय, असे वाटू लागते. पुण्यात राहणाऱ्या माझ्या एका भाचीचे स्टेटस मी असेच म्यूट केले आहे. तिथे तिचा नवा फ्लॅट, गॅलरीतला झोपाळा आणि शनिवार-रविवारची भटकंती असायची. आता मी तिला अधूनमधून फोन करते. फोनवर मात्र घराचा हप्ता, पाण्याच्या टँकरची वर्गणी, सासूबाईंचे गुडघे आणि ‘मावशी, पुढच्या वेळी शेंगाचटणी जास्त पाठव’ असे सगळे येते. झोपाळ्याबद्दल विचारले तर त्यावर कपडे वाळत घातलेले असतात, हेही कळते.

डिजिटल वेलबीइंगमधील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असे विचारले तर मी पडदा राखाडी करण्याच्या सोयीचे नाव घेईन. झोपेच्या वेळेसाठी असलेल्या ‘बेडटाइम मोड’मध्ये ती असते आणि हवी तेव्हा हाताने सुरूही करता येते. पडद्यावरील सगळे रंग निघून जातात आणि जुन्या कृष्णधवल दूरदर्शनसारखे चित्र उरते. वाचायचे ते वाचता येते, बोलायचे ते बोलता येते, हिशेबाला काही बाधा येत नाही. पण रीलमधील पैठणीचा जांभळा गेला, पदार्थांवरची तर्री गेली, सूचनांचे लाल ठिपके करडे झाले, की बोट पुढे सरकवण्यात काही स्वारस्य उरत नाही. हे माझ्यापुरतेच खरे आहे असे नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पडदा राखाडी केल्यावर दिवसाचा वापर सरासरी सुमारे ३८ मिनिटांनी घटल्याचे आढळले. येथे कोणी कोणाला अडवत नाही, परवानगी नाकारत नाही, म्हणून मनात बंडही उठत नाही. टायमर संपल्यावर येणारी चिडचिड राखाडी पडद्यामुळे मला कधी जाणवली नाही.

आमच्या धंद्यात या सोयीला एक अडचण आहे आणि ती गमतीची आहे. गिऱ्हाईक टॉवेलच्या शेडचा फोटो पाठवते आणि ‘हाच रंग, पन्नास डझन’ एवढेच लिहिते. राखाडी पडद्यावर मरून आणि बॉटल ग्रीन हे दोन्ही एकसारखे काळपट दिसतात, त्यामुळे अशा वेळी रंग परत आणावेच लागतात. दुकानातील कामगाराने पहिल्यांदा माझा फोन पाहिला तेव्हा तो काळजीने म्हणाला होता, “वहिनी, डिस्प्ले गेला वाटतं. नव्या पेठेत तासाभरात बदलून देतात.” रंग परत आणण्याचे बटण वरून खाली ओढल्यावर दिसणाऱ्या पट्टीत ठेवले, तर हे काम एका टिचकीत होते. शेड पाहून झाली की पुन्हा राखाडी करायची सवय तेवढी लावून घ्यावी लागते. जी कामे खरोखर रंगाची आहेत ती किती थोडी आहेत, हे त्यातून कळते, हा त्याचा अवांतर फायदा.

फोकस मोड त्या मानाने साधा आहे. लक्ष विचलित करणारी ॲप निवडायची, वेळ ठरवायची, आणि त्या वेळेत ती ॲप आणि त्यांच्या सूचना गप्प राहतात. अगदीच राहवले नाही तर ५, १५ किंवा ३० मिनिटांची सुट्टी घेता येते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, गिऱ्हाईक फिरकत नाही आणि पंख्याखाली बसलेल्या माणसाच्या हातात फोन आपसूक येतो. फोकस मोड मी नेमका याच वेळेला लावते, कारण या रिकाम्या तासांत पाहिलेल्या गोष्टी संध्याकाळपर्यंत डोक्यात घोळत राहतात. बेडटाइम मोड फोन चार्जिंगला लावताच सुरू होईल असे ठरवता येते. सूचना थांबतात, पडदा राखाडी होतो. चार्जर उशाजवळ न ठेवता स्वयंपाकघरात ठेवला तरच त्याचा उपयोग होतो, एवढे सांगून हा विषय सोडते.

यापेक्षा साधा बटणांचा फोन बरा, असे अनेकांचे म्हणणे असते. ज्यांचे काम केवळ बोलण्यापुरते आहे त्यांच्यासाठी ते बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनवरूनही यूपीआयने पैसे देण्याची सोय सुरू केली, त्यामुळे पैशांच्या व्यवहाराची अडचणही पूर्वीइतकी राहिलेली नाही. मात्र ज्याला दिवसाला दहा नमुन्यांचे फोटो पाठवायचे आहेत तो शेवटी दोन फोन बाळगतो, आणि मोठा फोन गल्ल्यात पडून हाका मारत राहतो. खाते पूर्णपणे बंद करणाऱ्यांविषयीही अमेरिकेत अभ्यास झाला आहे. तिथे २०१८ च्या मध्यावधी निवडणुकीपूर्वी काही लोकांनी ४ आठवडे फेसबुक बंद ठेवले. त्यांची दिवसाला सुमारे ६० मिनिटे वाचली, घरच्यांसोबत आणि मित्रांसोबतचा वेळ वाढला आणि समाधानही वाढले. पण समाधानातील ही वाढ छोटी होती आणि बातम्यांची माहिती मात्र कमी झाली. हा निष्कर्ष मला प्रामाणिक वाटतो. सोशल मीडिया सोडल्याने आयुष्य पालटते असे सांगणाऱ्यांपेक्षा ‘थोडे बरे वाटते’ असे सांगणाऱ्यांवर मी अधिक विश्वास ठेवते, आणि डिजिटल वेलबीइंगकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवावी.

या सुविधेतील आणखी एक मर्यादा अशी की ती माणसाला एकट्यालाच वळण लावू पाहते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून निराळी वाट धरली. तिथे संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद ठेवले जातात. सगळेच थांबलेले असल्यामुळे कोणाचे काही निसटत नाही, ही त्यातील खुबी आहे. आपण एकट्याने फोकस मोड लावतो तेव्हा मात्र नात्यातील गट चालूच असतो आणि दोन तासांनी ‘तू उत्तर का दिले नाहीस’ अशी विचारणा होते. आमच्या घरी जेवणाच्या वेळी सगळ्यांचे फोन एकाच वेळी फोकस मोडवर जातात, तसे ते गटावर कळवूनही टाकले आहे, आणि नातेवाईक ते मुकाट्याने पाळतात. एकदोन रुसवे झाले, ते चालायचेच.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. उदासी आठवडेच्या आठवडे टिकून असेल, झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर फोनमधील कोणतीही सेटिंग त्यावर उपचार नाही. अशा वेळी मानसिक आरोग्यासाठीच्या केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते आणि मराठीतूनही बोलता येते.

एकंदरीत या सुविधेला मी पाचपैकी साडेतीन गुण देते. टायमरला त्यात काही वाटा नाही. दोन गुण राखाडी पडद्याचे, एक फोन उघडण्याच्या आकड्याचा आणि अर्धा फोकस मोडचा. काही फोनमध्ये राखाडी पडद्याची सोय दिवसा सहज सापडत नाही. तसे झाल्यास सेटिंगमधील ॲक्सेसिबिलिटी विभागात रंगसुधारणेचा पर्याय शोधावा. नव्या अँड्रॉइडमध्ये त्यातच ‘ग्रेस्केल’ असते. तिथूनच त्याचा शॉर्टकटही ठेवता येतो. तो ठेवल्याशिवाय ही सोय वापरू नये, नाहीतर पहिलाच फोटो शेडचा आला की सेटिंगमध्ये शोधाशोध करून कंटाळा येईल आणि पडदा कायमचा रंगीतच राहील.