पहिल्या ट्रॅक डेसाठी बुद्ध की मद्रास?

पाम बीच मार्गावर रात्री वेग आजमावण्याऐवजी ती हौस सर्किटवर, म्हणजे शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर, ट्रॅक डेला (ते सामान्य स्वारांसाठी खुले असते त्या दिवशी) भागवावी, असे ठाणे-नवी मुंबईतील ज्या मोटारसायकलस्वारांनी ठरवले आहे, त्यांची निवड बहुधा दोन नावांपाशी अडते: ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आणि चेन्नईजवळचे, इरुंगट्टुकोट्टई येथील मद्रास सर्किट.

आधुनिक सर्किट म्हणजे काय, हे बुद्धवर स्पष्ट दिसते. हर्मन टिल्के यांनी आखलेले हे ५.१२५ किलोमीटरचे, सोळा वळणांचे सर्किट २०११ मध्ये सुरू झाले. २०११ ते २०१३ या काळात तेथे फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या आणि २०२३ मध्ये मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यतही झाली. तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी रस्ता मुद्दाम रुंद केलेला आहे, त्यामुळे आत शिरण्याचे एकाहून अधिक मार्ग मिळतात. पुढे सुमारे एक किलोमीटरचा सरळ पट्टा आणि त्याच्या टोकाला पुन्हा जोरात ब्रेक लावायला भाग पाडणारे वळण येते. ही रचना मागच्याला पुढे जाण्याची संधी मिळावी म्हणून आहे, एकट्याने शिकणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही. दोनशे सीसीची गाडी तर त्या पट्ट्यावर थ्रॉटल पूर्ण पिळूनही रेंगाळतेच.

चूक झाल्यावर गाडी जाते त्या मोकळ्या जागेचा, म्हणजे रन-ऑफचा, विचार मात्र जास्त बारकाईने करावा. डांबरी रन-ऑफवर मोटारीचे ब्रेक लागतात. घसरणाऱ्या दुचाकीस्वाराला खडीचा थर लवकर थांबवतो. १९९० मध्ये सुरू झालेल्या मद्रासवर ही जागा बुद्धच्या तुलनेने कमी आहे आणि पहिलेच वळण वेगाचे असल्यामुळे नवख्याने तेथे अंगातली मस्ती आवरलेली बरी.

तरीही चारशे सीसीपर्यंतच्या गाडीसाठी माझा कौल मद्रासलाच आहे. लांबी ३.७ किलोमीटर, वळणे बारा; फेरी लहान असल्यामुळे चुकलेले वळण लवकर पुन्हा समोर येते, आणि स्वारांसाठी प्रशिक्षण शिबिरेही तेथे होत आली आहेत. सहाशे सीसीच्या पुढे बुद्धची रुंदी सार्थकी लागते.

अंतराचा मुद्दा निर्णायक नाही, कारण दोन्ही ठिकाणे हजार किलोमीटरहून बरीच लांब आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्याने चेन्नईला जाताना जुन्या महामार्गाने घाट चढावा लागतो. गाडी रेल्वे पार्सलने पाठवायची असल्यास टाकीतले पेट्रोल आधी पूर्ण काढावे लागते.